हिरवी वाट आणि साजूक तूप

(मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण)



बंगळूरला बदलून आलो तेव्हा मला कन्नडचा एकच शब्द येत होता, 'एष्टु'. बाकी बाजार हातवाऱ्यांवर होत असे. परदेशातल्या कस्टम्समध्ये मात्र हातवारे पुरत नाहीत, हे मला २०१८ साली जर्मनीत कळले.

खात्याच्या कामासाठी गेलो होतो. चुलतबहीण तिथेच राहते, नुकतीच बाळंत झालेली. म्हणून आईने किलोभर घरचे तूप आणि खव्याचे मोदक बॅगेत भरून दिले. सामान घेऊन बाहेर पडताना दोन वाटा लागतात, एक लाल आणि एक हिरवी. आपण पडलो रेल्वेवाले, हिरवा दिसला की पाय आपोआप पुढे! तिथेच चुकलो. आपल्या सिग्नलचा हिरवा म्हणजे पुढचा मार्ग मोकळा आहे, असे दुसरा कोणी आपल्याला सांगत असतो. कस्टम्सच्या हिरव्या वाटेने जाणे म्हणजे 'माझ्याजवळ दाखवण्यासारखे काही नाही' असे आपणच लिहून दिल्यासारखे. तोंडही उघडावे लागत नाही.

मला थांबवले. बॅग उघडली. अधिकाऱ्याचे इंग्रजी तुटक, माझे डिप्लोमाचे. 'घी' म्हणालो, त्याला समजेना. बरणीचा वास घेतला, मान हलवली. शेजारी सहकारी उभे, मागे रांग. सरकारी कामाला आलेला माणूस चोरटा ठरतो की काय, या विचाराने घाम फुटला. शेवटी 'बटर' म्हणालो. जर्मनमध्येही लोण्याला बटरच म्हणतात, त्यामुळे भाषेचा प्रश्न तिथेच सुटला. तुपाचा सुटला नाही.

बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दूध-मांसाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात बंदी आहे. कारण गुरांचे रोग, आपल्याकडचा लाळ्या-खुरकूत त्यातलाच. तूप आणि मोदक ठेवून घेतले, मला समज देऊन सोडले.

आखातात जाणाऱ्यांनी आणखी जपावे. अनारशावरची खसखस संयुक्त अरब अमिरातीत अमली पदार्थांत धरतात, आणि ती गोड्या मसाल्यातही असते. औषधांबरोबर डॉक्टरांची चिठ्ठी हवीच. शंका आली तर सरळ लाल वाटेने जा आणि बॅग आपणहून उघडा. पदार्थांची यादी तिथल्या भाषेत लिहून खिशात ठेवली, तर बोलावेही लागत नाही.

बहिणीला मी सगळे खरे सांगितले. आईला मात्र तूप पोचले असेच वाटते. दर फोनवर ती विचारते, बाळ बाळसे धरतेय ना?