पोळ्याची कर आणि जंताची गोळी



पोळा होऊन दोन-तीन दिवस झाले, की आमच्या पिंपळगाव राजाच्या परिसरात कुत्र्यांच्या पोटाच्या तक्रारी सुरू होतात. "गोयी देल्ली अन् रातभर पोट चाललं त्याचं. आता पुन्हा नाही देत." जनावरांवर उपचार करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकावं लागतं. आज मी त्याबद्दलच बोलणार आहे. गोळीवर राग धरून जंताचं औषध कायमचं बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, आणि त्याचे परिणाम त्या घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचू शकतात.

तक्रार घेऊन आलेल्याला मी आधी एवढंच विचारतो, "गोळी कशात दिली?" उत्तर बहुतेक वेळा एकच असतं, पुरणपोळीत. गोळी कडू असते, कुत्रं थुंकून टाकतं. म्हणून तुपानं माखलेल्या पोळीत ती गुंडाळायची आणि भरवायची. मग येते कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस. घरोघर मटण शिजतं. तर्री ओतलेली भाकर, चरबीचे तुकडे आणि चघळून टाकलेली हाडं कुत्र्याच्या वाट्याला येतात. तिसऱ्या दिवशी ते ओकतं, पातळ हगतं, अंग चोरून कोपऱ्यात बसतं. घरच्यांना गोळी आठवते, कारण ती दुकानातून विकत आणलेली असते. पोळ्या किती गेल्या ते कोणी मोजलेलं नसतं.

आता त्या पोटात काय होतं ते पाहू. वर्षभर ज्वारीची भाकर आणि थोडं ताक यांवर राहिलेल्या कुत्र्याच्या आतड्यातले सूक्ष्मजीव त्याच अन्नाला सरावलेले असतात. भाकर त्याला परकी नाही. लांडग्याच्या मानानं कुत्र्याच्या अंगात पिष्टमय अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या कितीतरी जास्त प्रती असतात, हे स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं. माणसाच्या शेतीजवळ राहून त्याचं पोट असं घडलं. पण हरभऱ्याची डाळ, गूळ आणि तूप एकदम पोटात गेलं तर ते आंबतं, वायू धरतो, जुलाब होतात. चरबीचं प्रकरण याहून गंभीर. एकदम जास्त चरबी खाल्ल्यावर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते. अन्न पचवणारे रस ज्या अवयवात तयार होतात, त्यालाच ते जाळू लागतात. असं कुत्रं पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर धरतं, पोटाला हात लावू देत नाही, पुन्हा पुन्हा ओकतं. हे दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका.

रश्श्यातला कांदा-लसूण वेगळ्या वाटेनं घात करतो. तो रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो आणि त्याची खूण तीन-चार दिवसांनी दिसते. हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते. तोवर मटण विसरलेलं असतं आणि दोष पुन्हा गोळीवर जातो. शिऱ्या-खिरीतले मनुके काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. शिजलेलं हाड सुरीसारखं चिरतं, म्हणून हाड द्यायचंच नाही.

संत नामदेवांची गोष्ट आपल्याला घराघरांत सांगितली जाते. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नको म्हणून. ती माया मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे दारच्या कुत्र्याला पहिला नाहीतर शेवटचा घास मिळतो तो त्याच मायेतून. ज्याचं पोट नाजूक आहे त्याच्यावर तीच माया करायची, तर सणाच्या दिवशी त्याला एक साधी पोळी द्या, पुरणाची नको, तुपाची नको. त्याला तेवढ्यानंही सण झाल्यासारखंच वाटतं.

आता गोळीकडे वळू. तिचा काहीच त्रास होत नाही, असं मी म्हणणार नाही. जंताच्या नेहमीच्या गोळीत प्राझिक्वांटेल आणि पायरँटेल ही औषधं असतात. पहिलं पट्टकृमींवर, दुसरं गोल जंतांवर. ती जंतांना लुळं करतात, आतड्याची पकड सुटते आणि ते शीवाटे पडतात. गोल जंत शेवयांसारखे दिसतात, कधी जिवंत वळवळत असतात, ते पाहून घाबरू नका. कडूपणामुळे तोंडाला फेस येतो, लाळ गळते. एखाद वेळ ओकारी, एखादा दिवस पातळ शी, भूक थोडी कमी. हे सगळं साधारण २४ तासांत आपोआप ओसरतं. जंत खूप असतील तर मरताना त्रास जास्त होतो. पोट फुगलेल्या पिल्लाच्या आतड्यात मेलेल्या जंतांचा गोळा अडकूही शकतो. म्हणून ढोलासारखं पोट असलेल्या पिल्लाला औषध डॉक्टरांनाच देऊ द्यावं.

जुनी माणसं म्हणतात, पोट साफ झाल्याशिवाय औषध लागत नाही, म्हणून आधी उपाशी ठेवा आणि वर एरंडेल द्या. त्यामागे खरं कारण होतं. पूर्वी कुत्र्यांचे पट्टकृमी काढायला सुपारी वापरत. सुपारीतलं अरेकोलीन हे द्रव्य जगभर त्यासाठी दिलं जाई आणि त्याचं काम जुलाब लावूनच होई. आजच्या औषधांना जुलाबाची गरज नाही. नाजूक पोटाच्या कुत्र्याला तर गोळी रिकाम्या पोटी देऊच नये. मऊ भात आणि थोडं दही, एवढ्यात कुटून द्यावी.

मला सर्वांत काळजी वाटते ती बकरीच्या बाटलीची. आमच्या भागात घरोघर बकऱ्या आहेत, धनगरांचे वाडे आहेत. बकऱ्यांना पाजून उरलेलं औषध कुत्र्याच्या तोंडात ओततात, नाहीतर गुरांचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन टोचतात. ते इंजेक्शन गुरांना ५० किलो वजनामागे १ मिलिलिटर पडतं. १२ किलोच्या कुत्र्याला अंदाजानं टोचलं, तर मात्रा कुठल्या कुठे जाते. काही जातींच्या कुत्र्यांच्या मेंदूत तर हे औषध अगदी थोडं असलं तरी शिरतं. कुत्रं झोकांड्या खातं, दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतं. आयव्हरमेक्टिन हे फार मोठं औषध आहे, ज्या शोधातून ते आलं त्याला २०१५ साली नोबेल मिळालं. पण मात्रा जनावरागणिक ठरते. बकऱ्यांना पाजतात ते अल्बेंडाझोलही कुत्र्यांत जास्त किंवा पुन्हा पुन्हा गेलं तर हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा दाबून टाकतं.

कुत्र्याला गोळी वजनावर द्यायची असते, नेहमीची एक गोळी १० किलोला. वजन कसं करायचं? कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहा, मग एकटं उभं राहा आणि वजाबाकी करा. धान्याच्या दुकानातला मोठा काटाही चालतो. गावच्या कुत्र्याचं वजन डोळ्यांनी कोणी बरोबर सांगितलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि एक वाईट योगायोग. लस न दिलेलं दोन-तीन महिन्यांचं पिल्लू जंताच्या औषधानंतर रक्ताची, उग्र वासाची शी करू लागलं, तर तो बहुधा पार्व्हो असतो. हा विषाणूचा रोग १९७८ पासून जगभर पसरला. गोळी दिली म्हणून तो येत नाही. पण गोळीचा त्रास ओसरेल म्हणून वाट पाहत एक दिवस गेला, तर पिल्लू हातचं जातं. सलाइन लगेच लागतं. लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायची.

औषध बंद करू नका, असं मी इतकं कळवळून का सांगतो? कुतरीच्या अंगातले गोल जंत पिल्लांना गर्भातच मिळतात, काही दुधातून. म्हणून पिल्लांना दोन आठवड्यांपासून दर पंधरा दिवसांनी औषध, आठव्या आठवड्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे तीन महिन्यांनी. या जंतांची अंडी ओल्या मातीत महिनोन्महिने टिकतात. अंगणात मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात ती गेली, तर अळ्या यकृतात, फुप्फुसात आणि कधी डोळ्यात जातात. त्या डोळ्याची नजर जाऊ शकते. बकरी-मेंढी कापल्यावर कच्चं आतडं-काळीज कुत्र्यापुढे टाकू नका, त्यातून हायडॅटिडचा पट्टकृमी वाढतो आणि त्याच्या अंड्यांनी माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. न्यूझीलंडनं कुत्र्यांना औषध देऊन आणि कच्चं आतडं-काळीज देणं बंद करून हा रोग जवळपास संपवला.

तेव्हा गोळी पोळ्याच्या दहा दिवस आधी द्या, किंवा पोळ्यानंतर दहा दिवसांनी. मधल्या दिवसांत नवं काही खाऊ घालू नका. पोट बिघडलंच, तर मोठ्या कुत्र्याला १२ तास अन्न नको, पाणी थोडं थोडं पाजत राहा. मग बिनमिठाची पेज, मऊ भात, उकडलेलं बिनचरबीचं कोंबडीचं मांस. पिल्लाला उपाशी ठेवायचं नाही. माणसाच्या तापाची किंवा जुलाबाची गोळी कुत्र्याला अजिबात देऊ नका. शीमध्ये रक्त, थांबत नाही अशी ओकारी, फिक्या हिरड्या, दिवसभर पाणीही न पिणं, यातलं एक जरी दिसलं, तरी १९६२ वर फोन करा किंवा जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. जाताना गोळीचं रिकामं पाकीट सोबत न्या, आणि गेल्या तीन दिवसांत कुत्र्यानं काय काय खाल्लं, ते घरातल्या मुलांना विचारून घ्या. ताटाखालून कुत्र्याला काय गेलं, ते त्यांनाच ठाऊक असतं.