तिथीची पाऊणपट

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडेफार सावरून दिले आहे.)



सचिवांनी मला पंचवीस वर्षांच्या जमाखर्चावर बोलायला सांगितलं होतं. म्हणलं, तो अहवालात छापलेला आहे, ऑडिट झालेला आहे, आणि आचारी पुऱ्या तळत असताना आकडे वाचणाऱ्या माणसाला कोणी माफ करत नाही. मी बोलणार आहे ज्येष्ठ सभासदांच्या मार्गशीर्षातल्या अलिबाग सहलीवर. या सहलीवरून वार्षिक सभेत जेवढा आवाज झाला तेवढा बोअरच्या मोटारीवरूनही झाला नव्हता. तेव्हा नेमकं काय घडलं ते सभेला कळायला पाहिजे.

आम्ही चौदाजण. सगळ्यांत लहान त्रेसष्ट वर्षांचे, सगळ्यांत मोठ्या आजी अठ्ठ्याहत्तरच्या. अलिबागला चार रात्री मुक्काम आणि तिथून रोज एक मोहीम: समुद्रातला कुलाबा किल्ला पायी, दुसऱ्या दिवशी शिडाच्या होडीनं जंजिरा, तिसऱ्या दिवशी बोटीनं खांदेरी. हा कागद सभेत वाचला आणि आमचीच मुलं उठून उभी राहिली. "तुळजापूर करा, अक्कलकोट करा. गुडघे बदललेल्या माणसांनी समुद्रातले किल्ले कशाला बघायचे?"

मुलांची भीती काही खोटी नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेली डझनाहून जास्त कॉलेजची मुलं एका दुपारी बुडाली. ती बातमी त्या वेळी सगळ्यांनी वाचली होती. पण भीती खरी असली म्हणजे जायचं नाही, असा अर्थ निघत नाही. कर्ज बुडतं म्हणून बँक कर्ज द्यायचं बंद करत नाही. कागद नीट बघते. आम्ही समुद्राचे कागद बघायचं ठरवलं.

जरा आपल्याकडं बघा. आपण पालीकर. बिंदुसरेचा तलाव आपल्या शेजारी, तरी उन्हाळ्यात टँकरचा हॉर्न ऐकून उठलेली माणसं. आणि १९८९ च्या जुलैत हीच बिंदुसरा बीड शहरात कशी शिरली, ते माझ्या वयाच्या लोकांना सांगायला नको. म्हणजे पाणी एकतर नाही, नाहीतर एकदम. घड्याळ लावून येणारं आणि घड्याळ लावून जाणारं पाणी आपल्या अनुभवातच नाही. तलाव आटला की आपण त्यात गाळपेर करतो, पीक काढून घरी आणतो, पाणी काही परत येत नाही. समुद्र मागं हटला की आपल्या माणसाला तसंच वाटतं. पण तिथली गाळपेर सहा तासांची असते, बाबांनो.

नोकरीत असताना माझ्या शाखेत अलिबागकडचा एक सहकारी होता. त्यानं मला कोळ्यांचा हिशेब शिकवला होता: तिथीची पाऊणपट. तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या आसपास पाणी पूर्ण भरलेलं. त्यातून सहा तास मागं गेलं की ओहोटी, सकाळी साधारण पावणेनऊ-नऊ. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी. रोज पाऊण तासाच्या थोडं वर वेळ पुढं सरकते, कारण चंद्र रोज तेवढाच उशिरा येतो. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब एकच.

मला वाटलं होतं आता मोबाइलवर सगळं दिसतं, पंचांगाला कोण विचारतो. पण हा हिशेब तोंडी करता येतो, आणि समुद्रावर रेंज गेली तरी चालतो. तो अंदाजाचा आहे, तिथी सकाळी एक आणि रात्री दुसरी असू शकते, आणि मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला लागू पडला म्हणून दुसऱ्या किनाऱ्याला लागू पडेलच असं नाही. म्हणून आम्ही पंचांगही बघितलं, छापील वेळापत्रकही बघितलं, आणि वर तिथल्या कोळ्यांना विचारलं. बँकेत तीन सह्या लागतात तसं.

आणखी एक बारकावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला उधाण असतं. पाणी खूप वर चढतं आणि ओहोटीला खूप मागंही हटतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती. पाणी कमी चढतं, पण ओहोटीलाही फार मागं जात नाही. कुलाब्याला कोरड्या वाळूतून जायचं तर उधाणाच्या जवळची तिथी पाहिजे, आणि म्हाताऱ्या माणसांना उजेडात जायचं तर ओहोटी सकाळी आठ-नऊला पाहिजे. दोन्ही अटी पाळणारी तिथी निघाली वद्य चतुर्थी. म्हणजे संकष्टी! किल्ल्यात गणपतीचं देऊळ. महिला मंडळानं एकमतानं ठराव मंजूर केला. या सोसायटीत एकमतानं मंजूर झालेला मला आठवणारा हा दुसरा ठराव.

प्रवासाचं फार सांगत नाही. पहाटे निघालो, पाटोदा, जामखेड, नगर, पुणे, खोपोली, पेण करत जवळपास चारशे किलोमीटर. दिवे लागता लागता अलिबाग.

चतुर्थीला सकाळी आठला आम्ही किनाऱ्यावर उभे. समोर किल्ला, आणि किल्ल्यापर्यंत ओली, कडक वाळू. घोडागाड्या होत्या, दोघं गुडघेवाले गाडीत बसले, बाकी पायी. सगळ्यांत पुढं आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी, चपला हातात घेऊन. आजींची ओळख सांगतो, त्यांची परवानगी घेतली आहे. उभं आयुष्य ऊसतोडीत गेलं. दसरा-दिवाळी झाली की कोयता, बैलगाडी, पोरं घेऊन कारखान्यावर. सांगली, कोल्हापूर, कर्नाटक, सगळं बघितलं ते उसाच्या फडातून. समुद्र पहिल्यांदा. म्हणलं, आजी, हळू. त्या म्हणाल्या, "फडातल्या चिखलातून डोक्यावर मोळी घिऊन चालले मी. हितं तर डोकं रिकामं हाय."

कुलाबा किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात तो पुरा झाला. पुढं आंग्र्यांचं हे मोठं ठाणं. तटाचे मोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक बसवलेले आहेत; लाट आपटली की पाणी फटींतून आत जातं आणि तिचा जोर मोडतो. गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलं. पण आमची मंडळी सगळ्यांत जास्त वेळ थांबली ती गोड्या पाण्याच्या विहिरीपाशी. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडी विहीर. असं कसं? पावसाचं पाणी बेटावर मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं ते वर तरंगून राहतं, असं त्याचं साधारण कारण. आजी कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत होत्या. नंतर म्हणाल्या, "आन् आपल्याकडं आठशे फूट बोअर मारून धूळ निघती."

आता वादाचा मुद्दा. मी दहाला परत निघायचं जाहीर केलं होतं. आमचे गुरुजी देवळात अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं म्हणत होते, दहा वाजता अठरावं चाललं होतं. "तीनच राहिलीत, अध्यात्मात घड्याळ नसतं," असं दोघांनी मला सुनावलं. म्हणलं, अध्यात्मात नसेल, वाळूवर आहे. उरलेली किनाऱ्यावर बसून म्हणा. गुरुजी रागावले, पण उठले. परत येताना, सकाळी कोरडी होती त्या जागेवर दोन ठिकाणी घोट्याएवढं पाणी होतं. गुरुजींनी किनाऱ्यावर आवर्तनं पूर्ण केली, आम्ही साबुदाण्याची खिचडी खाल्ली. साडेबाराला गुरुजींनीच मला हाक मारून बोटानं दाखवलं. आम्ही चाललो त्या वाटेवर होडी जात होती.

दुसऱ्या दिवशी जंजिरा. रेवदंड्याचा पूल ओलांडून, कोर्लई, काशीद, मुरूड आणि राजपुरी. वाटेत कोर्लईचा डोंगर लागतो, त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. त्या गावात अजून पोर्तुगीज-मराठीची मिश्र बोली घराघरात बोलतात. गाडी थांबवून दोन आजीबाईंशी बोललो. आमच्याशी त्या चांगल्या मराठीत बोलल्या आणि एकमेकींत आमच्याबद्दल त्या बोलीत. हसल्या बऱ्याच.

राजपुरीहून शिडाची होडी. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कोणी बसायचं नाही हे आधीच ठरलं होतं. जंजिऱ्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही, अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांच्या आडोशाला उघडतो. खरी परीक्षा तिथं. होडी वर-खाली होते आणि पायरी जागेवर असते, आणि मधल्या एका क्षणात पाऊल टाकायचं. नावाडी हात धरून सांगतो, "आता!" की त्या शब्दावर पाय उचलायचा, विचार करायचा नाही. आयुष्यभर विचार करून सही करणाऱ्या माणसाला हे जड जातं. चौदाच्या चौदाजण उतरलो.

आत कलाल बांगडी तोफ, गोड्या पाण्याचे तलाव, पडके वाडे. मुलांनो, इतिहासात वाचता तेच हे, शिवरायांना आणि संभाजीराजांना न मिळालेलं ठाणं. संभाजीराजांनी तर समुद्रात भराव घालून बेटापर्यंत जायचा प्रयत्न केला होता. पण मला तिथं आपल्या घरची गोष्ट आठवली. हा दगडी कोट निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकात उभा राहिला. आणि आपल्या बीडची खजाना विहीर? तीही निजामशाहीतलीच, त्याच शतकातली. रोज बसनं जाताना तिच्याजवळून जातो, उतरून किती जणांनी बघितली? हात वर करा. हं, बघा.

तिसरा दिवस खांदेरीचा. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला, त्यात हा आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी अडवायला जहाजं पाठवली, तरी मराठे हटले नाहीत. आम्ही मात्र हटलो. सकाळी थळच्या किनाऱ्यावर गेलो तर वारा सुटलेला. नावाड्यानं समुद्राकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "आज नको काका. जाऊ, पण उतरताना तुमचे हाल होतील." आमच्यातले तीन-चारजण म्हणाले, दोनशे रुपये जास्त देऊ. मी नावाड्याच्या बाजूनं उभा राहिलो. जो माणूस आपला धंदा सोडून 'नको' म्हणतो त्याचं ऐकावं. तीस वर्षं मी काउंटरच्या आतून हेच काम केलं आहे, लोक तेव्हाही रागावायचे.

तो दिवस वाया गेला नाही. कान्होजी आंग्र्यांच्या समाधीला गेलो. १७२९ मध्ये ते गेले. चुंबकीय वेधशाळा बाहेरून बघितली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं पूर्वी मुंबईत कुलाब्याला व्हायची. विजेच्या ट्राम येणार म्हणल्यावर सुया हलणार, म्हणून १९०४ मध्ये काम अलिबागला आणलं. मुंबईत ट्राम आल्या आणि बंदही पडल्या, इथली मोजणी चालूच आहे. आमच्या गुरुजींना ही जागा जंजिऱ्याहून जास्त आवडली.

परतताना गंमत झाली. नागोठण्याच्या पुढं वाकण फाट्यावर पाटी आली: पाली. मागच्या सीटवर झोपलेल्या काकू एकदम उठल्या, "आली का पाली? दूध सांगायचं राहिलं!" ती बल्लाळेश्वराची पाली, अष्टविनायकातली. नोकरीच्या काळात या दोन पालींनी मला फार छळलंय. आपले कागद तिकडं आणि तिकडचे इकडं. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात चौलच्या बंदरात उतरला आणि पुढं पाली करत जुन्नरला गेला, असं त्याच्या प्रवासवर्णनात आहे. ती पाली तीच असणार, आपल्या पालीला यायला त्याला फार वळसा पडला असता. दर्शन घेतलं, वर सरसगडाकडं नुसतं बघितलं, आणि घाट चढलो.

आता थोडं सतरंजीच्या मागं खुर्च्यांवर बसलेल्या तरुण मंडळींसाठी. तुम्ही दरवर्षी डिसेंबरअखेर गाड्या भरून कोकणात जाता. रात्रभर गाडी चालवता, पहाटे किनाऱ्यावर उतरता आणि कपड्यांसकट पाण्यात शिरता. तेव्हा भरती चालू आहे का ओहोटी, हे तुमच्यातल्या एकाला तरी माहीत असतं का? ओहोटीचं पाणी माणसाला आत ओढतं. ओल्या वाळूवर फोटोसाठी उभी केलेली गाडी रुतते आणि दोन तासांत तिच्यात पाणी शिरतं. आम्ही तिथं असताना एक निघाली, ट्रॅक्टरनं. किनाऱ्यावर कोळी बसलेला असतो, त्याला एक प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. आणि घेतलेली असेल तर पाण्याकडं तोंडही करू नका. यावर मी जास्त बोलत नाही, तुमच्या आया समोर बसल्यात.

हिशेब सांगतो, नाहीतर खजिनदार मला सोडणार नाहीत. माणशी सहा हजार पाचशे, एकूण जमा ९१,००० रुपये. खर्च ८९,८८०. शिल्लक १,१२०, माणशी ८० रुपये परत केले, सह्या घेतल्या आहेत. आजींनी त्यांचे ऐंशी परत माझ्याकडंच ठेवले, खांदेरीच्या खात्यावर.

खांदेरीची तारीख ठरवताना वद्य चतुर्थीची अट राहणार नाही, तिथं बोटीनंच जायचं आहे. वारा पडलेला पाहिजे, एवढंच. नावं सचिवांकडं द्या. यंदा मुलांपैकी दोघं बरोबर आली तर बरं, सामान उचलायला.

चला, पुऱ्या गार व्हायल्यात.