इंजिन बसलं, पण गाडी जुळली नव्हती

आजचा एपिसोड ग्रीसने माखलेल्या हातांचा आहे. मी एरवी कोड लिहितो. पण गेल्या उन्हाळ्यात सुट्टी टाकून गावी, नांदगाव खंडेश्वरला गेलो आणि बाबांच्या पद्मिनीचं इंजिन बदलायला घेतलं.

प्रीमियर पद्मिनी तुम्ही मुंबईची काळी-पिवळी म्हणून पाहिली असेल. मूळची फियाट 1100, कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. 1089 सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, ताकद मागच्या चाकांना. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली.

आमच्या गाडीचा ब्लॉकच तडकला होता. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. बाबा काही बोलत नव्हते, पण रोज सकाळी ती बंद गाडी पुसायचे. शेवटी मी प्रीमियरच्याच 118 एनईचं जुनं इंजिन शोधून आणलं. ते निसानचं, 1171 सीसी. गिअरबॉक्स मात्र पद्मिनीचाच ठेवायचा होता.

एक गोष्ट आधीच सांगतो. इंजिन बदलायचं तर आरटीओची मंजुरी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. आरसीवरचा इंजिन नंबर जुळला नाही, तर उद्या विम्याच्या वेळी तुम्हीच अडकता. म्हणून पहिले कागद, मग पाना.

चेनकप्पीनं इंजिन उचललं आणि दोन तासांत खाली उतरवलं. मी तर फोटोही टाकला! मग खरी गंमत सुरू झाली. दोन्हींच्या बोल्टांची भोकं वेगळी, म्हणून मधे बसवायला अमरावतीच्या लेथवाल्याकडून एक जाड प्लेट करून घेतली होती. ती बसली, पण गिअरबॉक्स पुढे सरकेना. बोटभर फट राहिली. मी म्हटलं, लांब बोल्ट टाकून आवळू, आपोआप बसेल.

आमचे मिस्त्री काका तिथेच बसले होते. म्हणाले, "आवयू नोको बापा. बोल्ट आवयून भोक जुळत नाई. इंजिन तं चेनबी बसवते, जुळवाले मानूस लागते."

गिअरबॉक्स परत काढला. गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या छोट्या बुशमध्ये शिरायला हवं. बुश निसानचा, शाफ्ट फियाटचा, माप वेगळं. टोक तिथेच अडत होतं. मी आवळलं असतं, तर बुश गेला असता, नाहीतर प्लेट वाकली असती. दोन्ही शाफ्ट एका रेषेत नसतील, तर क्लचप्लेटचा मधला भाग तुटतो, तोही चालत्या गाडीत. मागच्या सीटवर आई बसलेली असताना.

आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं. दोन मॉड्यूल एकेकटे मस्त चालतात, बग सापडतो तो सांध्यात. फरक एवढाच, की इथे अनडू नाही.

मग नवीन बुश कातून घेतला. क्लचप्लेट अशी निवडली, की व्यास इंजिनच्या फ्लायव्हीलचा आणि मधले दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टचे. डायल गेज लावून प्लेट मध्यावर आणली. दुसऱ्या वेळी गिअरबॉक्स हातानं ढकलला, आणि बोल्ट न आवळताच पूर्ण आत गेला. तो "टक" आवाज अजून कानात आहे.

पुढे माउंटिंग, सायलेन्सरचा पाइप, अ‍ॅक्सिलरेटरची तार, रेडिएटरचे होज, सगळं एकेक करून जुळवलं. दोन तासांचं काम तीन आठवडे चाललं.

बाबांनी बडनेऱ्याच्या रस्त्यावर पहिली चक्कर मारली. माझी नजर टेम्परेचरच्या काट्यावर, त्यांची रस्त्यावर. परत आल्यावर एवढंच म्हणाले, "आवाज येगळा हाय. पन गिअर तसाच पडते."

आता भंगारवाला आला की बाबा त्याला चहा पाजतात आणि परत पाठवतात.

तुमच्या घरी अशी एखादी गाडी ताडपत्रीखाली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. आणि हो, बोल्ट जोर लावून आवळायच्या आधी एकदा काढून बघा. भेटू पुढच्या एपिसोडला!