शुभ्र कापडामागील रसायन

उशीचा शुभ्र अभ्रा ज्या कापडाचा शिवतात, तें मागावरून उतरतांना पिवळट असतें. तो पिवळेपणा घालविण्यासाठीं गिरण्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. तेनार या फ्रेंच रसायनज्ञानें १८१८ सालीं शोधलेलें हें द्रव्य म्हणजे पाण्याहून प्राणवायूचा एक परमाणू अधिक. आणि तो सोडून देण्यास तें सदैव उतावीळ. आम्लांत तें शांत राहतें, परंतु मग कापड नीट उजळत नाहीं. म्हणून कॉस्टिक सोडा घालून द्राव जवळजवळ उकळीपर्यंत तापवितात, आणि तेथेंच धोका असतो. लोखंडाचा वा तांब्याचा कण कापडास चिकटलेला असला, कीं त्याच्याभोवतीं पेरॉक्साइड झपाट्यानें फुटतें. प्राणवायू वाया जातो तो जातोच, शिवाय तेथील तंतू झिजून बारीकसें भोंक पडतें. पुढें ठपका मात्र बिचाऱ्या परटावर!

यावर जुना उपाय सोडियम सिलिकेटचा. पाण्यांत थोडें मॅग्नेशियम असल्यास त्याच्या जोडीनें तें अशा धातूंचा उपद्रव आवरतें व पेरॉक्साइड सावकाश खर्च होतें. साबणाचा वैरी असलेला पाण्याचा जडपणा येथें थोडासा उपकारक ठरतो, ही गंमतच. मात्र सिलिकेटचे थर कापडावर व यंत्राच्या रुळांवर बसतात आणि स्पर्श खरखरीत होतो. म्हणून पुढें धातूंना जखडून ठेवणारीं सेंद्रिय द्रव्यें आलीं. तीं कापड मऊ राखतात, पण महाग पडतात.