साठवून न ठेवता येणारी देणगी
(वार्षिक सभेतील निवेदन)



जमाखर्चाचे आकडे या अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच. आम्ही मूळचे वाणिज्य शाखेचे, त्यामुळे आकड्यांवर आमचा विश्वास आहे. तथापि आज एका कुटुंबाविषयी दोन शब्द बोलावेसे वाटतात.

पेरणीच्या तोंडावर एक शेतकरी गृहस्थ दाखल झाले. ताप हटत नव्हता, हिरड्यांतून रक्त येत होते. अस्थिमज्जेच्या तपासणीत तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग निष्पन्न झाला. त्याच सायंकाळी त्यांचा मुलगा खर्चाचे अंदाजपत्रक घेऊन आमच्या कक्षात आला. 'साहेब, वडिलांना काही सांगू नका. जमीन विकायची तयारी आहे,' एवढेच तो बोलला.

येथे आमची चूक कबूल केली पाहिजे. धर्मादाय योजनेची माहिती मिळण्यापूर्वीच ते अंदाजपत्रक त्याच्या हाती पडले होते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार आपल्यासारख्या रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन व १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखीव असतात. दुसऱ्या दिवशी समाजसेविकेने तहसीलदारांच्या दाखल्यासह अर्ज भरून घेतला आणि जमीन वाचली. आता अंदाजपत्रकासोबतच योजनेचा अर्जही देण्याचा नियम आम्ही केला आहे.

वडिलांपासून आजार लपला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच डॉक्टरांना विचारले. मुलाच्या संमतीने व त्याच्यासमक्ष त्यांना खरे सांगण्यात आले. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग मुलाला म्हणाले, 'आधी सांगितलं असतंस, तर पेरणी कोणाकडे सोपवायची ते तरी ठरवलं असतं.' त्या क्षणापासून बापलेक पुन्हा मोकळेपणी बोलू लागले.

केमोथेरपीनंतर रक्तपेशींची निर्मिती मंदावते व प्लेटलेटचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरते. बाहेरून प्लेटलेट द्याव्या लागतात, परंतु सर्वसाधारणपणे त्या पाच दिवसच टिकतात. गेल्या पंधरवड्यातील शिबिराचा येथे उपयोग नसतो. गावाकडील तरुण पाळीपाळीने आले. एके रात्री कोणीच मिळेना, तेव्हा आमच्या लेखा विभागातील कारकून उठून गेला. आई मात्र खाटेशेजारी बसून वहीत तापाची नोंद करीत असे. त्या वहीचा डॉक्टरांनाही उपयोग झाला.

उपचारांच्या पहिल्या टप्प्यानंतर रोग आटोक्यात आला आहे. पुढील टप्पे बाकी आहेत आणि रोग उलटण्याची भीतीही आहे. तरीही ते गृहस्थ मधल्या काळात घरी जाऊन शेत पाहून आले.

सज्जनहो, आपण दिलेला पैसा आम्ही बँकेत ठेवू शकतो, प्लेटलेट ठेवू शकत नाही. म्हणून देणगीबरोबरच आपले नाव व दूरध्वनी क्रमांक आमच्या रक्तपेढीच्या नोंदवहीत लिहावा आणि हाक येताच यावे, ही नम्र विनंती.