‘म्हातारचळ’ नव्हे, मेंदूचा विकार



घरातील वृद्ध माणूस जेवण होऊनही पुन्हा ताट मागू लागला, की ‘साठी बुद्धी नाठी’ असे म्हणून आपण मोकळे होतो. या मोकळे होण्यालाच मला आज हरकत घ्यावयाची आहे. म्हातारपणी नाव आठवायला थोडा वेळ लागावा, हे स्वाभाविक आहे. पण रोजच्या वाटेवर चुकणे, पैशाचा हिशेब न जमणे, हा वयाचा धर्म नव्हे.

ज्या बाईमुळे हा विकार प्रथम ओळखला गेला, ती वृद्धही नव्हती. आउगुस्टे डेटर ही १९०१ साली फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात आली, तेव्हा तिचे वय ५१ होते. स्वतःचे नाव लिहावयास घेतले, तर पुढे काय लिहायचे ते ती विसरे. १९०६ मध्ये ती वारल्यावर डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर चिकट पदार्थाचे साके आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता त्यांना आढळला. १९१० साली क्रेपेलिन यांनी या विकारास अल्झायमर यांचे नाव दिले.

ते साके ॲमिलॉइड या प्रथिनाचे आणि गुंता टाऊ या प्रथिनाचा, हे आज आपणांस ठाऊक आहे. लक्षणे दिसण्यापूर्वी पंधरा-वीस वर्षे हे साचणे सुरू झालेले असते. नव्या आठवणींची नोंद करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग प्रारंभीच सापडतो. म्हणून आजोबांना बालपणीची शाळा आठवते आणि सकाळचे जेवण आठवत नाही. त्या जेवणाची नोंदच झालेली नसते! मग ‘आत्ताच जेवलात ना?’ म्हणून त्यांच्यावर डाफरण्यात काय अर्थ?

आता उपचार. स्मृतीस आवश्यक असे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य या रोगात कमी पडते. डोनेपेझिलसारखी औषधे ते टिकवून धरतात. पुढच्या अवस्थेत मेमँटिन देतात. यांनी काही काळ थोडा उतार पडतो, रोग थांबत नाही. २०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे औषध साके काढून टाकते. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग सुमारे पाव हिश्शाने कमी केला. मात्र ते आरंभीच्याच रुग्णांसाठी आहे. मेंदूला सूज वा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वारंवार तपासणी लागते आणि गेलेली स्मृती त्याने परत येत नाही.

तर मग डॉक्टरांकडे जावयाचे कशाला? अशासाठी, की विसराळूपणा थायरॉइडच्या दोषाने, बी-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने किंवा मनाच्या खिन्नतेनेही येतो, आणि ही कारणे बहुधा उपचाराने हटतात. ‘म्हातारचळ’ म्हणून घरी बसवलेला माणूस या उपचारालाही मुकतो.

आणि निदान अल्झायमरचेच झाले, तर दिनक्रम ठरलेला ठेवा, वस्तूंच्या जागा बदलू नका, खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी ठेवा. वाद घालू नका, विषय बदला. ही शुश्रूषा पुष्कळदा घरातल्या एकाच बाईच्या माथी येते. तिला आठवड्यातून काही तास तरी सुट्टी मिळेल, अशी वाटणी घरच्यांनी करावी. औषधाइतकेच तेही आवश्यक आहे.