कुळाची कथा आणि कुळाचा इतिहास

(कुवेत देशात अर्दिया नावाची वस्ती आहे. तेथे राहणाऱ्या मराठी मुलांपुढे एका शिक्षकांनी केलेले हे भाषण.)



‘तुम्ही मूळचे कुठले?’ असे येथे तुम्हांला पुष्कळदा विचारले जाते. कोणी सांगली सांगतो, कोणी रत्नागिरी. पूर्वीच्या राजघराण्यांनाही हाच प्रश्न पडे. राजपूत राजांनी त्याची कोणती उत्तरे दिली, ते आज पाहू या.

राजस्थानात अबूचा पहाड आहे. गोष्ट अशी, की तेथे वसिष्ठ ऋषींचा आश्रम होता. त्यांची गाय विश्वामित्रांनी पळवली. वसिष्ठांनी अग्निकुंडात आहुती टाकली. त्यातून एक धनुर्धारी वीर प्रकट झाला. त्याने गाय परत आणली. ऋषींनी त्याचे नाव ‘परमार’ ठेवले. परमार म्हणजे शत्रूला मारणारा.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी पद्मगुप्त नावाच्या कवीने ही कथा लिहिली. तो परमार राजांच्या दरबारात होता. त्याच्या कथेत वीर एकच आहे. पुढे मात्र कथा वाढत गेली. परमार, प्रतिहार, चौहान आणि सोळंकी असे चार वीर अग्नीतून निघाले, असे लोक सांगू लागले.

आता गंमत पाहा. ग्वाल्हेरला प्रतिहार राजा भोज याचा नवव्या शतकातील शिलालेख सापडला आहे. त्यात अग्निकुंडाचे नावही नाही! आमचा पूर्वज लक्ष्मण, असे तो सांगतो. प्रतिहार म्हणजे द्वारपाल. लक्ष्मण हा रामाचा द्वारपाल. चालुक्यांची कथा आणखी वेगळी. त्यांचा मूळपुरुष म्हणे ब्रह्मदेवाच्या ओंजळीतून जन्मला!

अग्नीतून किंवा ओंजळीतून माणूस जन्मत नाही. मग अशा कथा का रचल्या? राजाला लोकांनी मान द्यावा, म्हणून त्याचे कवी त्याचे नाते देवांशी जोडत. कथा आपल्याला राजाची इच्छा सांगते. इतिहास पुरावा मागतो.

कधी कधी खरे उत्तर साधेच असते. मेवाडच्या सिसोदिया घराण्याचे नाव सिसोदा या गावावरून पडले. त्या गावच्या राणा हमीरने चौदाव्या शतकात चितोड परत मिळवले आणि ते लहानसे गाव प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे पवार, चव्हाण, साळुंखे अशी आडनावे आहेत. ती परमार, चौहान, सोळंकी यांच्याशी जुळतात. पण नाव जुळले म्हणजे कूळ एकच, असे ठरत नाही.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी भोसले घराण्याचे नाते मेवाडच्या सिसोदियांशी सांगितले गेले. याविषयी इतिहासकारांमध्ये मतभेद आहेत. पण स्वराज्य तर त्याआधीच उभे राहिले होते! ते उभे राहिले महाराजांच्या पराक्रमाने आणि मावळ्यांच्या कष्टांनी. त्यासाठी कोणाला अग्नीतून जन्मावे लागले नाही.

मुलांनो, कुळाच्या कथा आवडीने ऐका. मग ‘हे कोणी लिहिले? केव्हा लिहिले? कशासाठी लिहिले?’ असे जरूर विचारा. आणि जन्मावरून कोणाला उच्च किंवा नीच मानू नका. माणूस कोठून आला, यापेक्षा त्याने काय केले, हे मोठे असते.